पेपर दिला, तरी निकालात गैरहजर: दाद कुठे आणि कशी मागायची?

मॅडम,
मी मूळची लातूर जिल्ह्यातली. पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शाखेला आहे. नऊ दिवसांपूर्वी एसईचा (दुसऱ्या वर्षाचा) निकाल लागला आणि मला वायडी लागला, म्हणजे वर्ष अडकलं. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरला मला गैरहजर दाखवलं आहे. मी तो पेपर पूर्ण वेळ बसून लिहिला आहे, पुरवणीसुद्धा घेतली होती. एम-थ्रीमध्ये (गणिताचा तिसरा पेपर) ७० पैकी १९ मार्क आलेत, मला चाळीसच्या आसपास अपेक्षा होती. आधीच्या दोन केट्या (राहिलेले विषय) आहेत. पण डेटा स्ट्रक्चर्स सुटला असता तरी मी एटीकेटीत बसून, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, टीईला (तिसऱ्या वर्षाला) गेले असते.
कॉलेजच्या ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणाले, ‘हे विद्यापीठाचं आहे, आमच्या हातात काही नाही.’ विद्यापीठात गेले तर खिडकीवर सांगितलं, ‘कॉलेजमार्फत या.’ असे चार हेलपाटे झाले. हॉस्टेलमधल्या एका सिनिअरने एका माणसाचा नंबर दिलाय. तो पंधरा हजारांत ‘करून देतो’ म्हणतो. काही जण म्हणतात थेट हायकोर्टात जा. घरी अजून सांगितलेलं नाही. वडील शेती करतात, यंदा आधीच ओढाताण आहे. परीक्षेचे सगळे कागद मी सुट्टीत गेले तेव्हा घरीच ठेवून आले. रात्र रात्र झोप लागत नाही. मी काय करू? माझं नाव छापू नका.
– एक विद्यार्थिनी

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुला दोनच ओळी मेलवर कळवल्या होत्या: बाकी सगळं नंतर, आधी दोन्ही विषयांच्या उत्तरपत्रिकांच्या फोटोकॉपीचा ऑनलाइन अर्ज भर, कारण ती मुदत सहसा आठ-दहा दिवसांचीच असते. तू शेवटच्या दिवशी का होईना, तो भरलास हे वाचून जीव भांड्यात पडला. आता सविस्तर लिहिते. तुझ्यासारखी पत्रं दर निकालानंतर येतात, म्हणून इथे छापून उत्तर देत आहे.

मी सव्वीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं. त्यातली बरीच वर्षं कॉलेजची परीक्षा अधिकारी, म्हणजे तुम्ही मुलं ज्याला ‘सीईओ’ म्हणता ते काम माझ्याकडे होतं. त्यामुळे खिडकीच्या आतली बाजूही मी पाहिली आहे. तिथून एक गोष्ट ठामपणे सांगते. तुझ्या पत्रात एक नाही, तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि तू ती एकाच गाठोड्यात बांधून खिडकीवर नेतेस. गैरहजेरीची नोंद ही नोंदीतली चूक आहे. एम-थ्रीचे १९ मार्क हा तपासणीचा प्रश्न आहे. आणि वायडी हा या दोन्हींवरून आपोआप निघालेला निर्णय आहे. ‘माझ्यावर अन्याय झालाय, माझं वर्ष वाचवा’ असं म्हणून गेलीस की समोरच्याला नेमकं काय करायचं तेच कळत नाही, आणि मग तो दुसऱ्या खिडकीचं नाव सांगतो. तीन अर्ज कर. तीन कागद, तीन विषय.

गैरहजेरीचं आधी. हे प्रकरण तुझ्या बाजूने सगळ्यात भक्कम आहे, आणि ते सुटलं तर वायडी आपोआप सुटतो. परीक्षेच्या हॉलमध्ये काय काय घडलं ते आठव. तू बाकावर बसलीस. ज्युनिअर सुपरवायझरने उत्तरपत्रिका दिली, तू पहिल्या पानावर बैठक क्रमांक लिहिलास, त्यांनी सही केली. मग एक तक्ता फिरला. त्यात तुझ्या बैठक क्रमांकासमोर तू उत्तरपत्रिकेचा छापील क्रमांक लिहिलास आणि सही केलीस. पुरवणी घेतलीस तेव्हा तिचीही नोंद झाली. बऱ्याच ठिकाणी सुपरवायझर हॉल तिकिटावरही त्या त्या दिवसासमोर सही करतात. पेपर संपल्यावर ब्लॉकचा, म्हणजे परीक्षेच्या त्या खोलीचा, रिपोर्ट तयार होतो: इतके हजर, इतके गैरहजर, गैरहजरांचे क्रमांक हे. तू खरोखर गैरहजर असतीस तर त्या रिपोर्टात तुझा क्रमांक असता. म्हणजे तू तिथे होतीस याचे निदान तीन पुरावे कागदावर आहेत, आणि त्यातले दोन तुझ्या स्वतःच्या कॉलेजच्या किंवा परीक्षा केंद्राच्या कपाटात आहेत.

मग निकालात ‘एबी’ (गैरहजर) कसं आलं? बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. आमच्याकडे एका मुलाचं असंच झालं होतं. हुशार मुलगा, चार विषयांत उत्तम मार्क आणि पाचव्यात गैरहजर. तो रडत आला तेव्हा मी त्या ब्लॉकचा तक्ता काढला. सही होती. मग उत्तरपत्रिका शोधायला लावली. बैठक क्रमांकातला ७ त्याने इतका सरळ काढला होता की वाचणाऱ्याने तो १ वाचला. त्याचे मार्क भलत्याच क्रमांकावर चढले होते, आणि त्या क्रमांकाची मुलगी खरोखर गैरहजर असूनही पास झाली होती. दुरुस्तीला सात आठवडे लागले. झाली, पण तो मुलगा पहिल्याच आठवड्यात कागद घेऊन आला म्हणून झाली. सहा महिन्यांनी आला असता तर उत्तरपत्रिकाच उरली नसती.

कधी बारकोडचा स्टिकर चुकीचा लागतो, कधी गठ्ठ्यातून एखादी उत्तरपत्रिका मागे राहते, कधी स्कॅन करताना पुरवणी सुटते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, तेव्हा काय गोंधळ झाला तो महाराष्ट्राने पाहिला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, पेपर दिलेली मुलं गैरहजर दिसली, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलपती म्हणून कुलगुरूंना पदावरून दूर केलं. हे अशासाठी सांगते की ‘विद्यापीठाकडून अशी चूक होतच नाही’ असं तुला कुणी म्हणालं तर तू गप्प बसू नयेस.

आता अर्ज. मुलं चार पानं लिहितात. घरची परिस्थिती, किती अभ्यास केला, किती मानसिक त्रास झाला. ते सगळं खरं असतं, पण ज्याच्या टेबलावर तो कागद जातो त्याला त्यातून कामाची ओळ शोधावी लागते. एकच पान लिही, साधारण असं:

‘विषय: डेटा स्ट्रक्चर्स या विषयाच्या परीक्षेस हजर असूनही निकालात गैरहजर नोंद झाल्याबाबत. महोदय, दि. अमुक रोजी जाहीर झालेल्या निकालात वरील विषयासमोर मला गैरहजर दाखविण्यात आले आहे. दि. अमुक रोजी अमुक केंद्रावर, ब्लॉक क्रमांक अमुकमध्ये मी ही परीक्षा दिली असून उत्तरपत्रिका व एक पुरवणी पर्यवेक्षकांकडे सुपूर्द केली आहे. सोबत हॉल तिकिटाची प्रत जोडली आहे. कृपया केंद्रावरील हजेरीपत्रक व ब्लॉक रिपोर्ट पडताळून माझी उत्तरपत्रिका शोधावी, गुणांची नोंद करावी व सुधारित निकाल द्यावा. या प्रकरणाचा निर्णय होईपर्यंत सदर उत्तरपत्रिका नष्ट करू नये, ही विनंती.’

खाली नाव, पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक), बैठक क्रमांक, मोबाइल, तारीख, सही. बस. शेवटचं वाक्य मात्र अजिबात गाळू नकोस. उत्तरपत्रिका किती काळ जपायच्या याला मुदत असते, आणि ती संपली की गठ्ठे रद्दीत जातात. तू लेखी कळवलेलं असेल तर नंतर ‘आता ती उपलब्ध नाही’ हे उत्तर त्यांना सहज देता येत नाही.

हा अर्ज प्राचार्यांच्या नावे लिही, थेट विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या संचालकांच्या नावे नको. कॉलेजला दोन गोष्टी मागायच्या आहेत: हजेरीपत्रकातल्या तुझ्या नोंदीची साक्षांकित प्रत, आणि त्यासोबत विद्यापीठाकडे प्राचार्यांचं पत्र. परीक्षा दुसऱ्या कॉलेजच्या केंद्रावर झाली असेल तर तिथल्या केंद्राकडून ती प्रत मागवणं हेही तुझ्या कॉलेजचंच काम. ‘आमच्या हातात नाही’ हे क्लार्कचं म्हणणं निकाल बदलण्यापुरतं बरोबर आहे. पत्र पाठवणं मात्र पूर्णपणे त्यांच्या हातात आहे. आणि तुझं कॉलेज स्वायत्त असेल तर परीक्षा, तपासणी, निकाल सगळं कॉलेजचंच. मग तर विद्यापीठाकडे बोट दाखवायला जागाच नाही. हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस, ते आधी बघ.

अर्जाच्या दोन प्रती ने. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. तुझे चार हेलपाटे झाले, पण त्यांतला एकही कागदावर नाही. कायद्याच्या हिशेबात तू अजून एकदाही गेलेली नाहीस. हे कठोर वाटेल, पण याच ठिकाणी मुलांची वर्षं जातात. कुणी शिक्का द्यायला नकार दिला तर वाद घालू नकोस. त्याच दिवशी पोस्टात जा, स्पीड पोस्टाने तोच अर्ज प्राचार्यांना पाठव, पावती वहीत चिकटव, आणि त्याची पीडीएफ कॉलेजच्या अधिकृत मेलवर टाक.

एम-थ्रीचं प्रकरण वेगळं आहे, आणि तिथे मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. पेपरहून बाहेर आल्यावर आपण मनात जे मार्क मोजतो ते बहुधा जास्त असतात. गणितात तर पायऱ्यांचे मार्क कुठे गेले हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. म्हणून पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरायच्या आधी फोटोकॉपी हातात येऊ दे. ती आली की एकटीने बघू नकोस. विषयाच्या सरांकडे किंवा मॅडमकडे घेऊन जा, अर्धा तास माग. चार गोष्टी तपासा: एखादं उत्तर तपासायचंच राहिलंय का, आतल्या पानांवरचे मार्क आणि पहिल्या पानावरच्या चौकटीतले मार्क जुळतात का, बेरीज बरोबर आहे का, पुरवणी जोडलेली आहे का. पहिल्या तीनपैकी काही सापडलं तर ती गुणपडताळणीची बाब, सरळ दुरुस्त होते. पुरवणी नसेल तर ती अनियमितता, आणि ती वेगळ्या अर्जात लिहायची. काहीच सापडलं नाही आणि फक्त ‘इथे चारऐवजी सहा द्यायला हवे होते’ एवढंच असेल तर पुनर्मूल्यांकन हाच मार्ग. त्यात गुण कमी झाले तर कोणते धरले जातात, हे आपल्या विद्यापीठाच्या नियमात वाचून मगच फॉर्म भर.

उत्तरपत्रिका बघायला मिळणं ही कुणाची मेहेरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालची ‘माहिती’ आहे आणि विद्यार्थ्याला ती मागता येते. तेव्हा विद्यापीठाची फोटोकॉपीची मुदत चुकलेल्या मुलांनी माहिती अधिकाराचा अर्ज करावा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे दोन रुपये. पण उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात, आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची खिडकी बंद झालेली असते. म्हणून तुझ्यासाठी विद्यापीठाचा नेहमीचा मार्गच आधी. माहिती अधिकार तू दुसऱ्या कामाला वापर: ‘माझ्या अर्जावर, आवक क्रमांक अमुक, आजपर्यंत काय कार्यवाही झाली, कोणत्या टेबलावर किती दिवस राहिला, त्याच्या टिपणीची प्रत.’ अर्ज तीन आठवडे हलला नाही तर हा कागद टाक. फायली हलतात, हे मी आतून पाहिलंय. आणि हजेरीपत्रक मागताना फक्त तुझ्या नोंदीपुरतं माग. पूर्ण तक्ता मागितलास की इतर मुलांची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायला निमित्त मिळतं.

आता वरच्या पायऱ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम एप्रिल २०२३ मध्ये लागू झाले. कॉलेजमधल्या फार थोड्या मुलांना ते माहीत असतात, आणि प्राध्यापकांनाही असतात असं नाही. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. अध्यक्ष प्राध्यापक, चार सदस्य, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित म्हणून. निदान एक जण महिला आणि एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला असायलाच हवा. अन्यायकारक किंवा अपारदर्शक मूल्यमापन, परीक्षा व निकालातला उशीर, कागदपत्रं अडवून ठेवणं, भेदभाव हे सगळं या समितीकडे नेता येतं. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि त्याची प्रत तुला मिळाली पाहिजे. तू स्वतः हजर राहू शकतेस किंवा तुझ्या वतीने कुणाला नेमू शकतेस.

यात एक खाच आहे. तुझी तक्रार कुणाविरुद्ध आहे ते बघून समिती निवड. कॉलेजने हजेरीपत्रकाची प्रत दिली नाही, पत्र पुढे पाठवलं नाही, तर ती कॉलेजच्या समितीकडची तक्रार. पत्र गेलं पण विद्यापीठाने दुरुस्ती केली नाही, तर विद्यापीठाच्या समितीकडची. या दोन्ही एकाच कागदात लिहिल्यास तर पुन्हा तोच टोलवाटोलवीचा खेळ सुरू होईल.

समितीचा निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. माजी कुलगुरू, निवृत्त ज्येष्ठ प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशी ती व्यक्ती असते, आणि तिने ३० दिवसांत निकाली काढणं अपेक्षित आहे. नाव आणि संपर्क विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असायला हवा. पण दोन अटी लक्षात ठेव. आधीच्या सगळ्या पायऱ्या चढलेल्या असल्याशिवाय लोकपाल अपील ऐकत नाहीत. म्हणूनच मी आवक क्रमांकासाठी इतकी मागे लागले. दुसरं, ‘माझे मार्क वाढवा’, ‘माझा पेपर पुन्हा तपासा’ एवढ्यावर ते अपील घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता किंवा भेदभावाचं ठरावीक उदाहरण दाखवावं लागतं. म्हणजे तुझं डेटा स्ट्रक्चर्सचं प्रकरण तिथे उभं राहतं. एम-थ्रीचं नुसतं ‘कमी दिले’ म्हणून राहणार नाही. पुरवणी गहाळ निघाली तर राहील.

हायकोर्टाचं विचारलंस. दार बंद नाही, पण ते शेवटचं दार आहे. आपल्याच महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ सालीच सांगून ठेवलं की नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हा विद्यार्थ्याचा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि शैक्षणिक बाबतीत न्यायालयांनी सहसा हात घालू नये. पुढेही न्यायालयांनी तीच भूमिका घेतलेली आहे. न्यायाधीश तुझं गणित तपासणार नाहीत. पण हजर असलेल्या विद्यार्थिनीला गैरहजर ठरवून, लेखी अर्जांना उत्तरही न देता तिचं वर्ष थांबवलं, हे प्रकरण ते ऐकू शकतात. तिथेही पहिला प्रश्न हाच येईल की तुम्ही आधी कुठे कुठे लेखी दाद मागितली. वकील करण्याइतके पैसे नाहीत म्हणून खचू नकोस. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं. पण तुझ्या प्रकरणात तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

दाद मागत असताना वर्ष मात्र पुढे चाललेलं असतं. तिसरा अर्ज त्यासाठी: प्राचार्यांना लिही की निकाल दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित आहे, तोपर्यंत निकालाच्या अधीन राहून टीईच्या वर्गांना बसू द्यावं, त्यासाठी लागेल ते हमीपत्र द्यायला मी तयार आहे. परवानगी देणं न देणं त्यांच्यावर आहे, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आणि सुधारित निकाल दोन महिन्यांनी आला आणि तोवर तू एकाही लेक्चरला नव्हतीस, तर टीईच्या हजेरीची नवी अडचण उभी राहील. दुसरीकडे, राहिलेल्या विषयांचे परीक्षा फॉर्म वेळेत भर. डेटा स्ट्रक्चर्सचासुद्धा. काही मुलांना वाटतं की बॅकलॉगचा फॉर्म भरला म्हणजे आपण चूक कबूल केली. तसं काही नाही. दुरुस्ती झाली तर तो पेपर द्यायचा नाही, एवढंच. फॉर्म भरला नाही आणि दुरुस्तीही लांबली, तर मात्र आणखी एक सत्र हातचं जातं.

महाडीबीटीवर शिष्यवृत्ती असेल तर नूतनीकरणाला मागच्या वर्षाचा निकाल लागतो. कॉलेजात ते काम बघणाऱ्यांना प्रकरण आत्ताच सांगून ठेव. हॉस्टेलच्या रेक्टरनाही. आणि विद्यार्थी संघटना ‘कॅरी ऑन’ची मागणी करत असतील तर त्यात जरूर सामील हो, पण त्यावर विसंबू नकोस. कॅरी ऑन ही विद्यापीठाने परिपत्रक काढून सगळ्यांना दिलेली सवलत असते, मिळेल किंवा नाही. तुझी दाद ही तुझी एकटीची आहे आणि ती त्याशिवायही उभी राहते.

त्या पंधरा हजारवाल्या माणसाबद्दल. त्याचा नंबर फोनमधून काढून टाक. आज तुझ्या बाजूने सही केलेला तक्ता आहे, ब्लॉक रिपोर्ट आहे, तू खरी आहेस. त्याला पैसे दिलेस त्या क्षणी तू निकालात फेरफार करायला निघालेली विद्यार्थिनी होतेस, आणि तुझा खरा मुद्दाही संशयात जातो. असे लोक बहुतेक वेळा काहीच करत नाहीत; दुरुस्ती नियमाने झाली की ‘मी केलं’ म्हणतात, नाही झाली की फोन उचलत नाहीत. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांचे पैसेही गेले आणि मुदतही.

या महिन्यात आणखी दोन जणांनी विचारलंय, त्यांना इथेच थोडक्यात. हजेरी ७५ टक्क्यांपेक्षा कमी म्हणून डिटेन केलेल्या, म्हणजे परीक्षेला बसू न दिलेल्या, मुलाने आधी बघावं की सत्र चालू असताना त्याला लेखी सूचना मिळाली होती का, कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर यादी लागली होती का. आजारपण असेल तर डॉक्टरांचे त्या तारखांचे कागद लगेच द्यावेत, परीक्षेच्या आदल्या दिवशी आणलेला दाखला कुणी मानत नाही. आणि कॉपीच्या आरोपावरून निकाल राखून ठेवलेल्या मुलीने समितीपुढे हजर राहायचं टाळू नये. आरोप काय ते लेखी मिळणं आणि आपलं म्हणणं मांडायची संधी मिळणं हा तिचा हक्क आहे. तारीख चुकवली की एकतर्फी निर्णय होतो आणि पुढे प्रत्येक पायरीवर तेच वाचलं जातं.

परत तुझ्याकडे येते. झोप लागत नाही म्हणालीस. दिवसभर धावपळ आणि रात्री डोळ्यांसमोर तोच निकाल, हे किती जाळतं ते मला माहीत आहे. एकटीने सहन करू नकोस. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतोय असं एकदा जरी मनात आलं तरी त्याच मिनिटाला फोन कर आणि खोलीतल्या मैत्रिणीला उठव. वर्ष गेलं तरी वर्षच जातं. माझ्या विद्यार्थ्यांत वायडी लागलेले आज चांगल्या कंपन्यांत आहेत, दोघं तर प्राध्यापक आहेत.

आणि घरी सांग. तुला ते सगळ्यात अवघड वाटतंय हे तुझ्या पत्रातून दिसतं. वडिलांना ‘नापास झाले’ असं सांगू नकोस, कारण ते अजून ठरलेलं नाही. जसं आहे तसं सांग: मी पेपर दिलाय, निकालात गैरहजर आलंय, मी अर्ज करतेय, मला एक कागद हवाय. शेतकऱ्याला सातबाऱ्यावरची चुकीची नोंद दुरुस्त करून घेणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. तलाठ्याकडे त्यांनी असे हेलपाटे घातलेले असणार. तुझं हॉल तिकीट घरी आहे. उद्या सकाळी फोन कर, ते शोधायला सांग. त्या तारखेसमोर सुपरवायझरची सही दिसते का ते त्यांना वाचून दाखवायला सांग, फोटो मागवून घे, आणि मूळ हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, जमलं तर त्यांनाच घेऊन यायला सांग. प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसायला सोबत कुणी असलं की बरं वाटतं. सोमवारी अर्ज दे. आवक क्रमांक मिळाला की मला कळव, पुढचा कागद आपण मिळून लिहू.